‘स्थानिक कलाकार’ नव्हे, अमीन पिंजारी

कडेगावच्या अमीन पिंजारींवर अन्याय झाला तो गेल्या पाडव्याला, सकाळी दहा वाजता, ‘पिंजून काढ’ या रॉक गाण्याचा व्हिडिओ आला तेव्हा. शेवटच्या पाटीवर ड्रोन उडवणाऱ्याचं नाव आहे, मेकअप करणाऱ्याचं आहे. ज्यांच्या पिंजणाच्या ठोक्याने गाणं सुरू होतं, ते आमचे शेजारी अमीनचाचा तिथे नुसते ‘स्थानिक कलाकार’. दीड महिन्यापूर्वी चाचा गेले. चाचींचा फोन आला तेव्हा मी साताऱ्यात याच अन्यायाची पत्रकं वाटत होतो. रडू नंतर आलं, आधी राग आला... नाव राहिलंच.

हे गाणं करणाऱ्या बँडच्या, सांगलीच्या त्या चार पोरांना चाचांकडे मीच नेलं होतं. पिंजण म्हणजे कापूस पिंजायचं ते मोठं धनुष्य; त्याच्या तातेचा, ताणलेल्या दोरीचा, आवाज त्यांना हवा होता. “चाचा, नुसती तात वाजवा,” ड्रमवाला म्हणाला.

“कापसाबिगर? ह्यो काय तमाशा हाय व्हय रं? कापूस आण, मग वाजवतो.”

शेवटी ड्रमवाल्याचीच जुनी गादी सांगलीहून आणून उसवली. गाण्यात ठोक्यामागे जी बारीक चरचर ऐकू येते, ती लोकांना कॉम्प्युटरची करामत वाटते. ती त्या गादीतल्या कापसाची आहे. पोरांचं रेकॉर्डिंग तासाभरात आटोपलं. “झालं चाचा, थांबा आता.”

“तुमचं झालं आसंल. गादी कुठं झालीय?” पिंजून, भरून, शिवून, गुंडाळी ड्रमवाल्याच्या खांद्यावर दिली तेव्हाच चाचा उठले. “आज नीट झोप गड्या. उद्या ठोका चुकायचा न्हाई.”

गाणं तुफान चाललं. वरातीत वाजलं, कॉलेजच्या गॅदरिंगला वाजलं, आणि चाचा खूश. व्हिडिओत त्यांचे मनगटापर्यंतचे हात तेवढे दिसतात. ते रोज जेवण झाल्यावर बघायचे. मी संतापून पत्रक छापलं, गठ्ठा घेऊन त्यांच्याकडे गेलो. त्यांनी चष्मा लावून सगळं वाचलं, म्हणाले, “कागद चांगला हाय,” आणि पत्रकं कापसाखाली अंथरली.

“आवं चाचा, तुमच्यासाठीच भांडतोय मी.”

“भांड की. पर चा पिऊन भांड.”

त्यांना काही वाटतच नाही, असं मीही धरून चाललो असतो. पण एकदा उशा घेऊन एक बाई आल्या. चाचांनी मोबाईल पुढे धरला. “ह्ये हात माजं हायती.” बाईंनी व्हिडिओ पाहिला, चाचांकडे पाहिलं आणि सहज विचारलं, “कशावरनं?” चाचा हसले. मोबाईल खिशात गेला. उरलेला कापूस मात्र त्यांनी एक शब्द न बोलता पिंजला... आणि चाचा कधी गप्प बसणारे नव्हते.

तरीही त्यांना बिचारे म्हणू नका. आवडीचं काम करत, मस्करी करत, समाधानात जगलेला माणूस होता तो. आमच्या घरातली एकूण एक गादी त्यांच्या हातची आहे, आणि आम्हाला झोप छान लागते.

बँडला विचारलं, तर ‘व्हिडिओ आता बदलता येत नाही’ म्हणाले. खाली दोन शब्द लिहायला तरी जागा आहे ना? तर ‘बघतो’. ते बघत बसतील. तुम्ही बसू नका. पेपर खाली ठेवा, गाणं उघडा आणि खाली लिहा : ‘पिंजण – अमीन पिंजारी, कडेगाव’. हात जोडलेली चित्रं नकोत, श्रद्धांजली नको. नाव लिहा, आणि आत्ता लिहा.