धुळीचा खोकला

आमच्या शेडमधल्या काही कोंबड्या माना टाकून बसल्यात, हे यांनीच सकाळी सांगितलं होतं. दुपारी जेवताना हे खोकले. “धूळ गेली घशात,” म्हणाले. धुळीचा खोकला मी रोज ऐकते; हा तसा वाटेना. शेड आणि घर यांच्यामध्ये नुसतं अंगण आहे. पक्ष्यांचा आजार माणसात येतो तेव्हा असाच येत असेल का, घरच्या माणसासारखा, हातपाय धुऊन, पानावर बसायला?

तेवढ्यात लेक नेहमीसारखी त्यांच्या मांडीवर बसायला गेली. त्यांनी हात आडवा करून तिला थांबवलं.

“आज आईजवळ बस.”

म्हणजे धुळीवर त्यांचाही विश्वास नव्हता.

“दवाखान्यात जाऊ या,” मी म्हटलं. एरवी डॉक्टरचं नाव काढलं की चिडणारे हे, मुकाट्यानं उठले.