चांगली म्हैस कुणी देईना

सोपानमामा कुणाच्या घरी आले की आधी राम राम माणसाला न्हाई, म्हशीला. तडक गोठ्यात. एक हात तिच्या पाठीवर, दुसऱ्या हातानं जबडा उघडून दात बघायचे आन् मंग वळून इचारायचे, "घरचे बरे हायेत ना?" शाळेच्या गॅदरिंगला मी एका पोराचा जबडा धरून त्यांची नक्कल केली, तर सगळ्यात मोठ्यानं मामाच हसले. वर म्हणले, "दात बराबर मोज की रे, जोडी चुकवलीस."

मामा जनावरांच्या दवाखान्यात मलमपट्टी करणारे ड्रेसर व्हते. रिटायर झाले आन् टेंभुर्णीकडच्या आमच्या सात-आठ खेड्यांत जनावरांचा विमा उतरवू लागले. हप्ता भरला की जनावराच्या कानात नंबरचा पिवळा बिल्ला. वर्षात जनावर मेलं तर कंपनी भरपाई देणार. सक्ती कुणालाच न्हाई. वाटलं तर घाला. सगळी बोंब त्या 'वाटलं तर'मधीच व्हती.

"हे बघा," मामा देवळापुढं बसून समजावायचे, "शंभर जणांनी थोडं थोडं टाकायचं, ज्याची मरंल त्यानं उचलायचं. कंपनी काय घरून आणती व्हय? पण त्याला चांगली जनावरं पायजेत. चांगली!"

गावानं मान हलवली. बिल्ले मारायच्या दिवशी शाळेच्या मैदानात ही रांग: लंगडी, खोकणारी, दात पडलेली. एकानं तर म्हाताऱ्या म्हशीला कलप लावून आणलं व्हतं. मामांनी पाठीवर हात फिरवला, हात काळा.

"आरं, हा विमा हाय का वृद्धाश्रम?" मामा कडाडले.

रांगेत आमचे वडील, बापू, बी उभे. संगं आमची म्हातारी म्हैस, ठकी. तरणीताठी राणी घरी निवांत रवंथ करू राह्यली व्हती.

"बापूराव, राणी का न्हाई आणली?"

"तिला काय धाड भरलीय?"

"म्हणूनच तर पायजे ना ती!"

"तुम्हाला पायजे हो. मला काय पायजे?"

खरं सांगायचं तर मलाबी तवा बापूच बराबर वाटले.

मंग व्हायचं तेच झालं. बिल्लेवाली जनावरं पटापटा मेली, कंपनीनं हप्ता वाढवला. हप्ता वाढला तशी कुणी कुणी घातलेली चांगली जनावरंबी गळाली. मेंढरंवाल्या लिंबाजीतात्यांनी सगळा कळप घातल्ता. वर्ष सरल्यावर तेच भांडायला आले.

"एक बी मेली न्हाई मामा! पैशे फुकट गेले."

"मेली न्हाई म्हणून रडू राह्यले व्हय, तात्या? पेढे वाटा की!"

तात्यांनी पेढे न्हाई वाटले, कळप काढून घेतला. उरली ती निव्वळ मरतुकडी. हप्ता अजून वर.

शेवटी कंपनीनं कळवलं, यंदा निम्मी तरी धडधाकट जनावरं आली न्हाईत तर या भागातला विमाच बंद. मामा दारोदार फिरले. आमच्याकडं तीनदा आले. तिन्ही बारीला बापूंचं एकच, "पोळ्यानंतर बघू."

पोळ्याच्या आधीच राणीला साप डसला.

मामा आले तवा ती गोठ्यात मरून पडली व्हती. आई पदर तोंडाला लावून बसलेली. बापूंनी मामांना बाजूला घेतलं. "ठकीचा बिल्ला काढून हिच्या कानात घाला. कोण बघतंय?"

मीबी म्हणालो, "करून टाका ना मामा."

मामा राणीजवळ उकिडवे बसले. सवयीनं तिचा जबडा उघडून दात बघितले. "कागदावर बारा वर्षांची म्हैस हाय. हिचे दात बघून कुणीबी वय सांगंल," असं हळूच म्हणले. मंग एकदम आवाज चढला. "तीनदा आल्तो बापूराव! हात जोडले. आन् आता खोट्यावर सही मागता?"

बिल्ला ठकीच्याच कानात राह्यला. घरात मामांचं नाव काढायची सोय राह्यली न्हाई. त्याच वर्षी विमा बंद झाला. गावानं कंपनीला शिव्या दिल्या, मामांना दिल्या. सोताला एकानंबी दिली न्हाई, याचा मला अजून राग येतो. मी बी त्यातलाच.

दिवाळीनंतर बापूंनी नवी म्हैस घेतली आन् टेंभुर्णीच्या बाजारात, चहाच्या हॉटेलात मामांना गाठलं. मी संगंच व्हतो.

"मामा, आधी हिचा विमा उतरवा. एकदम चांगली हाय."

"कशात उतरवू? कंपनीत बिल्ले जमा करून आलो मी."

"मंग दुसरी कंपनी आणा."

मामांनी कप खाली ठेवला. हॉटेलात आमच्याच गावचे आठ-दहा जण बसल्ते. मामा उभे राह्यले. "आणतो. उद्याच तालुक्याला जातो. फक्त एवढं सांगा, चांगलं जनावर कोण कोण घालणार? हात वर करा."

बापूंनी झटक्यात हात वर केला. तात्या चहा फुंकत राह्यले. एकजण मोबाइल बघू लागला. बाकीचे बापूंच्या हाताकडं बघत व्हते. बापूंनी इकडं पाह्यलं, तिकडं पाह्यलं. मंग तोच हात डोक्यावरून फिरवला, जसा काही खाजवायलाच वर नेल्ता.