लाल फडक्यांच्या खुंट्या

अर्नालुक जमिनीवर पुठ्ठा अंथरून कॅरिबू हरणाच्या गोठलेल्या मांसाचे काप काढत होती. फ्रीजरमधला हा शेवटचा तुकडा. हातात आईची अर्धगोल सुरी, शेगडीवर चहा. तेवढ्यात दारावर टकटक झाली.

"आजी, पोलीस तरी आलेत, नाहीतर खाणवाले," नात सिलू म्हणाली.

कॅनडाच्या उत्तर टोकाच्या या गावात दार कुणी वाजवत नाही. यायचं तो आत येतो, चहा ओतून घेतो, मग बोलतो. वाजवणारा दक्षिणेकडचाच.

खाणवालेच निघाले. ड्वेनसाहेब घरात आले तरी डोक्यावरची डासांची जाळी काढायचं त्यांना सुचलं नाही. हातात कंपनीच्या टोप्या. मागच्या सभेत याच साहेबांनी युरेनियम किती निरुपद्रवी असतं ते सांगायला, किरणं केळ्यातही असतात म्हणत पडद्यावर केळ्याचं चित्र दाखवलं होतं. गावात केळं विमानानं येतं आणि येईस्तोवर काळं पडतं, त्यामुळे कुणाला फारसं पटलं नाही. सगळ्यांनी हात वर करून खाणीला नाही म्हटलं. साहेबांनी त्याची नोंद 'चर्चा सुरू आहे' अशी केली.

आता त्यांना अर्नालुकची सही हवी होती. नदीच्या उताराकडे कुणाचा वावर नाही, तिथं खाणीच्या तपासणीसाठी जमिनीत भोकं पाडायला हरकत नाही, असं गावातली जाणती बाई सांगते, हे कागदावर आधीच छापून आणलेलं. सिलूनं ते आजीला आपल्या भाषेत वाचून दाखवलं.

अर्नालुक त्याच उतारापासून थोड्या अंतरावर तंबूत जन्मली होती. ती सात वर्षांची असताना हरणं दुसऱ्याच वाटेनं गेली आणि त्या हिवाळ्यात तिचे दोन भाऊ उपासमारीनं गेले. दरवर्षी हरणं याच उतारावरून नदी ओलांडतात. पहिली हरणं निर्धास्त पार झाली की बाकीचा कळप त्यांच्या मागे येतो. म्हणून पहिल्यांना कुणी हात लावत नाही, त्या काठावर तंबूही ठोकत नाही.

आम्ही काही बिघडवलेलं नाही, असं सांगत साहेबांनी कौतुकानं फोटो दाखवला. उताराच्या दोन्ही काठांवर खुणेच्या खुंट्यांची रांग, प्रत्येकीवर लाल फडकं.

अर्नालुकनं सुरी खाली ठेवली. हरणं वळवायची असली की तिचे आजोबा असेच दगड रचून वर पंख बांधायचे. फडफड दिसली की कळप तोंड फिरवतो. हे गावातल्या शेंबड्या पोरालाही कळतं.

"विचार त्यांना," ती सिलूला म्हणाली, "हरणं हाकलायला किती वर्षं शिकावं लागलं?"

सिलूनं ते बरंच मऊ करून सांगितलं. साहेब खुशीत हसले, त्यांनी पेन पुढे केलं आणि एक टोपीही दिली.

टोपी अर्नालुकनं आतून-बाहेरून पाहिली आणि तिच्यात हाडं टाकली. कागद तसाच परत केला. गावानं नाही म्हटलंय, तेच माझं, एवढंच तिनं सांगायला लावलं. मग ती थेट साहेबांकडे बघून बोलली, आणि सिलूनं या वेळी एक शब्दही बदलला नाही.

"दहा-बारा दिवसांत हरणं येतील. त्याआधी त्या खुंट्या उपटून न्या."