नाक्याची सावली

अण्णा गेल्याचे त्यांच्या सूनबाईंनी फोनवर सांगितले, तेव्हा माझी बस द्वारका चौकाच्या गर्दीत अडकली होती. "बाई, सकाळी चहा घेतला आणि खुर्चीतच..." एवढेच त्या बोलू शकल्या. मी काय उत्तर दिले, ते आठवत नाही. माझा थांबा मागे गेल्याचे बऱ्याच उशिरा लक्षात आले, हे मात्र आठवते.

दिगंबरअण्णा माझे शेजारी. त्यांच्या नोकरीची बहुतेक वर्षे आमच्या उपनगराच्या तोंडाशी असलेल्या जकात नाक्यावर कारकून म्हणून गेली. शहरात येणाऱ्या मालावर तिथे कर घेतला जाई, हे आताच्या मुलांना समजावून सांगावे लागते. पुढे जकात बंद झाली, अण्णांची बदली झाली, यथावकाश ते निवृत्तही झाले. नाका मात्र कुलूपबंद उभा राहिला. दोन खोल्या आणि पुढे ट्रक मावेल अशी उंच, पक्की शेड. भोवतीच्या द्राक्षबागा जाऊन इमारती आल्या आणि त्यांना भाजी पुरवणाऱ्या सायखेड्याकडच्या बायका नाक्यासमोर, रस्त्याच्या कडेला, भर उन्हात बसू लागल्या. एकदा अण्णा मला म्हणाले, "बाई, आयुष्यभर इथं लोकांना अडवलं. आता इथंच त्यांना बसवावं म्हणतो."

कित्येक महिने महापालिकेच्या विभागीय कार्यालयाच्या पायऱ्या चढून त्यांनी तोंडी परवानगी मिळवली. शेडमध्ये भाजीवाल्या बसल्या आणि खोल्यांत घरी जागा नसलेल्या मुलांसाठी अभ्यासिका सुरू झाली. भाजीवाल्यांतली सर्वांत फटकळ शांताबाई पहिल्याच दिवशी टोपली टेकवत म्हणाली, "अण्णा, आमच्या मालकाचा टेम्पो तासतास हितं उभा करायचे तुम्ही. आता मला बी पावती फाडणार का?"

"आधी तुझी मेथी बघू दे," अण्णा म्हणाले, आणि शेडभर हसू पसरले. शेडच्या कडेच्या जागांवर दुपारी ऊन येई, म्हणून तिथे पाळीपाळीने बसायचे, हा नेम अण्णांनीच घालून दिला.

चूक झाली ती रंगाची. दिवाळीला घर रंगवतात, मग नाक्याने काय पाप केले, असे म्हणून अण्णांनी घरोघरी उरलेले डबे मागून आणले आणि आम्ही सर्वांनी मिळून भिंती रंगवल्या. त्या मळकट नाक्याकडे इतकी वर्षे कोणीही वळून पाहिले नव्हते. रंग लागला आणि ती मोक्याची जागा सर्वांच्या डोळ्यांत भरली. दिवाळीनंतर मोजणीची माणसे आली. नाका पाडून दुकानांचे संकुल बांधायचे ठरले होते. अण्णांनी मोजणीच्या साहेबांना विचारले, "या इमारतीला काय झालंय, साहेब? भिंतीला साधा तडा नाही."

"काही झालेलं नाही, काका," साहेब अगदी नम्रपणे म्हणाले, "पण जागा फार चांगली आहे."

तोंडी परवानगीला कागदाचा आधार नव्हता. नाका पाडायला एक सकाळ पुरली. संकुलाचे काम अजून सुरू झालेले नाही. जागेभोवती पत्रे तेवढे ठोकले आहेत. शहराने नवे काही बांधण्यापूर्वी, जे उभे आहे त्याचा काही उपयोग आहे का, हे आधी तपासावे. शाळेतले मूलसुद्धा नवी वही मागण्याआधी जुनीतली कोरी पाने मोजते. अण्णांचे मागणे याहून मोठे नव्हते.

त्यानंतर त्यांनी तो रस्ता सोडला. दूध आणायलाही ते वळसा घालून जात. बोलता बोलता मध्येच म्हणत, "रंग द्यायला नको होता, बाई." मी दरवेळी वेगळे उत्तर शोधले. त्यांना एकही पटले नाही.

परवा मी मुद्दाम तिकडून गेले. दुपारी पत्र्यांच्या कडेला सावलीची अरुंद पट्टी पडते. तीत जेमतेम दोघी मावतात, बाकीच्या उन्हात बसतात. मी कोथिंबीर घेत होते, तेवढ्यात शांताबाई उन्हातून उठली आणि सावलीतल्या एका तरुण बाईसमोर उभी राहिली.

"ऊठ आता. पाळीपाळीनं बसायचं. अण्णांचा नेम हाय, माझा नाय."

टोपली उचलून ती तरुण बाई उन्हात जाऊन बसली.