मोहाची फुलं आणि बाबांचं गाऱ्हाणं

आमच्या लालबागच्या खोलीतून कोणीही महत्त्वाच्या कामाला निघालं की गाऱ्हाणं घातलं जातं. दहावीची परीक्षा असो की काकाचं हर्नियाचं ऑपरेशन, बाबा देवापुढे नारळ ठेवून मालवणीत सगळी हकिगत मोठ्यानं सांगतात आणि जमलेल्यांनी प्रत्येक मागण्याला "व्हय म्हाराजा" म्हणायचं. देवाला ऐकू कमी येतं असा बाबांचा समज असावा, कारण आवाज पार खालच्या वाण्यापर्यंत जातो.

मला गडचिरोलीच्या जंगलात संशोधनाचं काम मिळालं, तेव्हा मात्र बाबांनी नारळाचं नावच काढलं नाही. हवामान बदलतंय तसा मोहाचा बहर कसा मागेपुढे होतोय आणि ती फुलं वेचून जगणाऱ्या घरांचं काय होतंय, हे मी तिथे राहून अभ्यासणार होते. चाळीत बातमी फिरली ती "पोरगी फॉरेस्ट ऑफिसर झाली" अशी. शेजारच्या काकूंनी तर मला सरकारी जीपसुद्धा देऊन टाकली. खरं कळल्यावर त्यांनी विचारलं, "म्हणजे एवढं शिकून फुलं गळताना बघायची?" तसं म्हटलं तर त्यांचं चुकलं नव्हतं.

मी विज्ञानाची माणूस, देवाधर्माचं मला फारसं नाही. पण बाबांनी गाऱ्हाणं घातल्याशिवाय उंबरा ओलांडायचा म्हटलं की बॅग भरता भरता मी थांबायचे. त्यांचा होकार मला हवा होता आणि तो मागायची लाजही वाटत होती.

निघायच्या सकाळी बाबांनी नारळ काढला. बघता बघता गॅलरी भरली आणि मी देवापुढे 'चेडू', म्हणजे घरची मुलगी, म्हणून उभी राहिले.

"बा देवा म्हाराजा, आमचा चेडू जंगलात ऱ्हवाक जातासा. तेच्या वाटेक वाघ-जनावर येवक देव नको!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि ता हवामान काय बिघाडला हा, ता लवकर जाग्यार आण, म्हणजे चेडू घराक येयत!"

"व्हय म्हाराजा!"

चाळीनं हवामानबदलाचा निकाल लावून टाकला. त्याबरोबर माझी नोकरीही जात होती, हे कोणाच्या लक्षात आलं नाही. मला हसू आवरेना.

"आणि तेका थयसर..." बाबा थांबले. पुन्हा "तेका थयसर...", म्हणजे 'तिला तिथे', एवढंच म्हणाले आणि पुढे त्यांना बोलताच येईना. मागणंच पुरं झालं नव्हतं, त्यामुळे कोणी काही म्हणेना. काकू उगाच पदर सारखा करू लागल्या.

मग मीच मोठ्यानं म्हटलं, "व्हय म्हाराजा!"