न जळणारा कापूस

भवानी पेठेत नबीलालला जहाजवाला म्हणतात. सोलापूरपासून समुद्र कुठल्या कुठे, पण या गृहस्थाच्या संडासाच्या दारावर 'कॅप्टन' अशी इंग्रजी पितळी पाटी आहे. बावीस वर्षं गुजरातेत अलंगच्या किनाऱ्यावर गॅस कटरनं जहाजं कापली, त्यातली ही कमाई. पाहुणा आत गेला की हा बाहेरून विचारणार, "कॅप्टन, किनारा दिसला का?" बायको अमिना कपाळाला हात लावते. पेठेत बोललं जातं की खलाशी समजूनच तिनं होकार दिला होता. ती अजून ते नाकारत नाही.

जिना चढताना नबीलाल मध्येच थांबून कुणाशी तरी गप्पा मारतो. लोकांना वाटतं, हौस. अमिनाला ठाऊक आहे, दम लागतो.

शेजारच्या महानंदाक्का चादरीच्या कारखान्यांतलं सुताचं वेस्ट आणून गाद्या-उशा भरतात. चिमटीत धागा धरला की त्याची जात सांगतात, आणि त्यांचा निकाल पेठेत कुणी फिरवत नाही. त्यांच्या लेकीचं, अक्षताचं लग्न आठ दिवसांवर आलं होतं. त्यात भंगारवाला महेश्वर एका बंद मिलचा बॉयलर फोडत होता. बॉयलरभोवतीचं पांढरं, मऊ, लोकरीसारखं काहीतरी ओरबाडून त्याची माणसं नाल्याकडं फेकत होती. सुतावर जगलेल्या बाईला ते बघवेना. अक्कांनी तीन पोती उचलून आणली.

सकाळी अक्कांच्या दारावरून जाताना नबीलालला उन्हाच्या तिरिपेत बारीक पांढरी कुसं तरंगताना दिसली. दोन उशा शिवून तयार. एक मांडीवर घेऊन अक्षता फोनवर खिदळत होती.

नबीलाल दारातच थांबला. मंगळवेढ्याचा बिरप्पा, अलंगच्या खोलीतला त्याचा जोडीदार, अशीच उशी करून सहा वर्षं झोपला होता. पुढं गावी परतल्यावर अंगणातून ओसरीवर यायला त्याला दोनदा बसावं लागे. त्याला माती देऊन तीन वर्षं झाली.

"अक्का, हात लावू नका त्याला! कापूस न्हाय त्यो. दगडाची कुसं हायती. जहाजाच्या बॉयलरला पण हेच असतंय. छातीत गेलं की निघत न्हाय."

"दगड? असला मऊ?" अक्का हसल्या. "व्हय की. आन् म्युन्सिपाल्टीची माणसं पाली मोजायला कवा येणार?"

आता घ्या! गेल्याच महिन्यात यानं ती थाप मारली होती, आणि अक्कांनी घरातल्या पाली मोजून ठेवल्या होत्या. चौदा.

"अक्का, अमिनाची शपथ."

"तिची शपथ तू रोज घेतोयस."

नबीलालनं काड्यापेटी काढून अक्कांपुढं ठेवली. "माझं नका ऐकू. तुमची परीक्षा तुमीच करा."

सूत असलं तर कागदासारखं जळतं, लोकर असली तर केस जळल्याचा वास येतो, नायलॉनचा गोळा होतो. ही परीक्षा अक्कांनी हजारदा केलेली. त्यांनी चिमूटभर पांढरं धरून काडी लावली. ते लाल झालं. काडी विझली. पांढरं होतं तसं पांढरं. दुसरी काडी, तिसरी. राख नाही, वास नाही.

अक्कांनी हळूच ते खाली ठेवलं. "अक्षते, उशी ठेव. झटकू नगंस."

पुढचा तासभर पेठेनं वेगळाच नबीलाल पाहिला. झाडू कुणाला धरू दिला नाही. नाकातोंडाला ओली फडकी, सगळ्यावर पाण्याचा फवारा, मग जाड प्लास्टिकच्या दुहेरी पिशव्यांत पोती, उशा, माय-लेकींचे कपडेसुद्धा. महेश्वर आला आणि म्हणाला, "द्या, नाल्यात टाकतो."

"नाल्यात? वाळलं की उडून पेठेतच येणार. तुझी माणसं उघड्या नाकानं ओरबाडत्यात, आदी ते बंद कर. धोक्याचा कचरा न्यायला परवान्याची गाडी असतीय, ती बोलव. तवर बॉयलरला हात लागणार न्हाय."

"चाचा, लई दिवस जातील की."

"जाऊ दे. बिरप्पाचे गेले त्यापेक्षा कमीच."

अक्का महेश्वरच्या बॉयलरसमोर खुर्ची टाकून बसल्या; गाडी येईपर्यंत हलल्या नाहीत. लग्न मात्र ठरल्या दिवशी झालं, शेजारणींनी रातोरात भरलेल्या सुताच्या उशांवर.

लग्नानंतर अक्का एक नवी उशी घेऊन नबीलालच्या दारात आल्या. सोबत काड्यापेटी.

"परीक्षा करून घे, कॅप्टन."

त्यानं शिवणीतून आतला धागा उपसला, पेटवला. भुर्रकन जळाला.

"अक्का," तो राख फुंकत म्हणाला, "पाली पंधरा झाल्यात म्हणं."

अक्कांनी उशी उचलून त्याच्याच पाठीत घातली.