कोबी सुटला, पण शॉट संपेना

माझा डावा पाय कोबीमुळे मोडला, असं आमच्या घरात सांगितलं जातं. तो माझ्या मेहुण्यामुळे मोडला.

मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, दिलीप. शाळेत खेळाचा मास्तर आणि बास्केटबॉलचा पंच. (पंच घरचा असून शिट्टी आपल्या बाजूनं वाजत नाही, हे दुःख काय असतं ते मला विचारा!) गेल्या महिन्यात माझ्या मुलीची, सायलीची, कॉलेजची फायनल होती. शेवटचे काही सेकंद उरलेले, आम्ही दोन गुणांनी पुढे. समोरच्या मुलीनं उडी मारून चेंडू टाकला. चेंडू हातातून सुटला, आणि ती अजून हवेत असतानाच सायलीचा तिला धक्का लागला. चेंडू बास्केटमध्ये गेला. दिलीपनं शिट्टी फुंकली आणि सख्ख्या भाचीविरुद्ध फाऊल दिला. दोन गुण, वर एक फ्री थ्रो.

मी थेट मैदानात उतरलो. सायकलवर भंगार गोळा करण्यापासून शिरोलीत जुन्या मशिनरीच्या दुकानापर्यंत मी आलो तो एकाच तत्त्वावर. माल हातातून सुटला की व्यवहार संपला. नंतर त्याला धक्का लागो नाहीतर गंज लागो.

"दाजी, तिचे दोन्ही पाय जमिनीला टेकत न्हाईत तवर शॉट चालूच असतोय," दिलीप म्हणाला.

मग मी घासाघीस सुरू केली. दोन धर, वरचा सोड. नाही म्हणाला. बरं, अर्धा धर. तेव्हा त्यानं मला मैदानाबाहेर काढलं. फ्री थ्रो आत गेला आणि आम्ही एका गुणानं हरलो. सायली दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. हरल्यामुळे नव्हे, मी अर्धा गुण मागितल्यामुळे.

पुढच्या रविवारी दिलीप जेवायला आला. दुसऱ्या भाकरीपर्यंत मी गप्प बसलो (हा माझा विक्रम आहे), मग म्हणालो, हातातून सुटला की शॉट संपतो, आता करूनच दाखवतो. सायलीनं चेंडू आधीच लपवला होता, म्हणून मी कोबीचा गड्डा घेतला. कपाटावर धुण्याची टोपली होती, तिच्यावर नेम धरला आणि बावन्नाव्या वर्षी उडी मारली.

"सुटला! संपला!" मी हवेतच ओरडलो.

कोबी टोपली सोडून पंख्याला लागला. त्याच क्षणी बायको रश्श्याचं पातेलं घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि तिचा खांदा मला लागला. तिनं पातेलं सावरलं. मला सावरायला कोणी नव्हतं.

"हिनं धक्का दिला. मी हवेत हुतो," मी फरशीवरून कण्हत म्हणालो. "फाऊल हाय की ह्यो."

दिलीपनं हातातलं हाडूक ताटात ठेवलं. "पण दाजी, कोबी सुटला हुता न्हवं? व्यवहार संपला की."

"पप्पा, एक काय ते ठरवा," सायली म्हणाली. "आईचा फाऊल पायजे असंल तर मामाचा नियम मान्य करा."

मी पायाकडे पाहिलं. तो सुजून कोबीएवढा झाला होता. आयुष्यात पहिल्यांदाच समोरच्यानं सांगितलेला भाव मी एक पैसा कमी न करता मान्य केला.

"बरं, माझा फाऊल," बायको म्हणाली आणि कोबी माझ्या मांडीवर ठेवला. "घ्या तुमचा फ्री थ्रो."

डॉक्टर म्हणाले, सहा आठवडे हा पाय जमिनीला टेकवायचा नाही. मी चारवर आणायला बघितलं, पण माणूस कडक निघाला. म्हणजे मेहुण्याच्या नियमाप्रमाणे माझा शॉट अजून चालूच आहे. चेंडूची मात्र केव्हाच भाजी झाली.